पोट साफ, डोकं साफ

माझी वहिनी अनुपमा घाटकोपरला, पंतनगरात ब्लाऊज शिवते. वीस वर्षं झाली. तिच्याकडे मापांची वही नाही. बाई दारात उभी राहिली की छाती, खांदा, बाही सगळं तिला तोंडपाठ. मागच्या दिवाळीपासून कोण किती सुटलीय, तेही ती टेप न लावता सांगते, आणि ते ऐकून बायका चिडतात. मी तिची सख्खी नणंद, त्याच बिल्डिंगमध्ये राहते. तिचं जे झालं त्यात मीही शहाणपणाचे फार दिवे लावले नाहीत, ते आधीच सांगते.

आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी केतनसर यायचे. सर म्हणजे कसले सर! आधी हा माणूस घरोघरी पाण्याचे फिल्टर विकायचा. मग कुठूनतरी दहा दिवसांचं सर्टिफिकेट आणलं आणि लोकांच्या आतड्यांवर बोलायला लागला. "तुमचं दुसरं डोकं पोटात आहे," असं तो म्हणायचा आणि पन्नास बायका माना डोलवायच्या. पहिलं डोकं घरी ठेवूनच आल्या असणार.

वहिनीला ॲसिडिटी जुनी. सकाळपासून मशीनवर वाकून बसायचं, चहावर चहा ढोसायचा, जेवायला दुपारचे चार. डॉक्टरने कधीतरी महिनाभरासाठी लिहून दिलेली गोळी ती सहा वर्षं रोज घेत होती. मेडिकलवाला हसतमुखाने देत होता. केतनसरांना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी गोळीकडे बघितलंसुद्धा नाही. ते म्हणाले, "मासे, अंडी, दूध, दही, सगळं बंद. हे आतड्यात सडतं ताई. सडलेल्या पोटातून सडकेच विचार येतात."

मालवणी घर आमचं. बांगडा सडतो म्हणे, आणि ह्याचं बोलणं ताजं!

पण वहिनीने सगळं सोडलं. सकाळी कोहळ्याचा रस, दुपारी फळं नाहीतर उकडलेल्या भाज्या, रात्री सरांच्याच डब्यातली हिरवी पावडर पाण्यातून. खोटं कशाला बोलू, पहिले काही महिने तिला बरं वाटलं. वेळेवर खात होती, चहा सुटला होता, ढेकर थांबले होते. माझा भाऊ सुबोध तर खूश. बायको एवढी संयमी म्हणून ग्रुपवर फोटो टाकायचा, आणि स्वतः अंधेरीच्या ऑफिसच्या कॅन्टीनला सुरमई झोडायचा.

तिसऱ्या वर्षी वहिनी बदलली. आधी झोप गेली. मग रडणं सुरू झालं, काही कारण नसताना, दुधाची पिशवी फाटली म्हणूनसुद्धा. मग एकीच्या मापाचा गळा दुसरीच्या ब्लाऊजला. गिऱ्हाइकांवर खेकसायला लागली. ज्यांची मापं पंधरा वर्षं डोक्यात होती, त्या नंदाबाईंना तिने विचारलं, "तुम्ही पहिल्यांदाच येताय ना?" नंदाबाई दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या टेलरकडे गेल्या.

सुबोध म्हणाला, "वयाचं आहे ते. बायकांचं होतं असं." मी म्हणाले, "नाटकं आहेत रे. काम नको झालंय तिला." बघा, ही नणंद!

तिला हातापायांना मुंग्या येत होत्या. तिने माझ्यासमोरच सरांना फोन लावला, स्पीकरवर. सर खूश झाले.

"छान! विष बाहेर पडतंय ताई. मुंग्या येतात म्हणजे नसा जाग्या होतायत. आता सात दिवस फक्त रस घ्या."

तिने घेतला.

तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरची अक्षता स्वतःच्या लग्नाचा ब्लाऊज घ्यायला आईबरोबर आली. मोतिया रंगाचं रेशीम होतं. वहिनी हुक लावत होती आणि बघता बघता त्या रेशमावर लाल डाग पसरले. सुई तिच्या बोटातून आरपार गेली होती आणि तिला कळलंच नव्हतं. अक्षताची आई किंचाळली, "अहो, रक्त! पोरीच्या लग्नाचं कापड आहे ते!" वहिनी शांतपणे बोटाकडे बघत राहिली, जणू दुसऱ्याच कोणाचं बोट आहे.

दुसऱ्या दिवशी जिना उतरताना ती पडली. पाय पायरीवर आहे की हवेत, तेच तिला कळेना. मी तिला रिक्षात घालून म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात नेलं, तेही गुडघ्याला पट्टी बांधायला. तिथल्या डॉक्टरबाई वयस्कर, वैतागलेल्या. बाहेर ही मोठी लाईन. पट्टी बांधता बांधता त्यांनी विचारलं, "पडलात कशा?" वहिनी नीट सांगू शकेना, शब्दच सापडेना, तेव्हा मी मुंग्यांचं सांगितलं.

"जीभ काढा बघू."

वहिनीची जीभ लालभडक होती, आणि गुळगुळीत, घोटून काढल्यासारखी.

"खाता काय?"

मी यादी सांगितली. गोळीचंही सांगितलं. मग त्यांनी रक्त तपासायला लिहून दिलं. रिपोर्टमध्ये बी-बारा जीवनसत्त्वाचा धड आकडाही नव्हता. मशीनला मोजता येईल त्याच्याही खाली आहे, एवढंच छापलेलं.

"हे मासे, अंडी, दुधातून मिळतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ते तुम्ही सोडलंत. पूर्वीचं जे साठलेलं होतं ते संपलं. त्यात ही गोळी. तिने पोटातलं ॲसिड कमी होतं, मग अन्नातलं बी-बारा सुटून अंगी लागत नाही. ते नसलं की नसा जातात, आठवण जाते, माणूस रडतो, भांडतो. लोकांना वाटतं वेड लागलं."

"पण सर म्हणतात पोटाचा मनाशी संबंध असतो," वहिनी पुटपुटली.

"असतो ना! म्हणून तर पोटात काहीतरी घालावं लागतं."

इंजेक्शनं सुरू झाली, आधी एक दिवसाआड, मग आठवड्याने, मग महिन्याने. गोळी डॉक्टरबाईंनी हळूहळू बंद केली. आमच्याकडे पहिल्या दिवशी बांगड्याचं तिखलं केलं, तर वहिनी ताटासमोर बसून रडली. पण ते रडणं वेगळं होतं, कारण रडताना ती जेवत होती. दोन-तीन आठवड्यांत झोप लागायला लागली. दीड महिन्यानंतर तिने सुबोधला शर्टावरून टोमणा मारला, तेव्हा मला खात्री पटली की आमची वहिनी परत आली.

तीन महिन्यांनी एका रविवारी ती रिपोर्ट घेऊन हॉलमध्ये गेली. मी बरोबर होते. सगळ्यांसमोर उभी राहून तिने काय झालं ते सांगितलं. केतन हसला.

"प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं ताई. तुमचा विश्वास कुठेतरी कमी पडला."

वहिनी एका झटक्यात सरांवरून थेट एकेरीवर आली. "विश्वास भरपूर होता रे. बी-बारा नव्हतं."

दोन बायका उठून आमच्याबरोबर बाहेर आल्या. एकीने जिन्यातच विचारलं, "ही तपासणी कुठे होते गं?" बाकीच्या अठ्ठेचाळीस जणी बसून राहिल्या. दारातून मी मागे बघितलं, तर हिरव्या पावडरचे डबे वाटणं सुरू झालं होतं.

वहिनीच्या उजव्या हाताची बोटं आता शिवणापुरती शाबूत आहेत. डाव्या पायाचा तळवा मात्र अजून बधिर आहे. डॉक्टरबाई म्हणतात, तो कदाचित तसाच राहील. मशीनचं पेडल ती उजव्याच पायाने मारते, आणि रस्त्याने चालताना चप्पल सुटून मागे राहिली तर तिला कळत नाही, म्हणून आता पट्ट्याची सँडल घालते.