कोरड्या उशीवरचा बाप्तिस्मा

माझा नवरा तीस वर्षं दर रविवारी माझ्याबरोबर चर्चमध्ये आला, शेवटच्या बाकावर बसला, गाणी माझ्यापेक्षा जोरात म्हणाला, पण बाप्तिस्मा काही घेतला नाही. शेतकरी हिंदू घरातला माणूस. "आई हाय तोवर न्हाय," हे म्हणायचे. सासूबाई गेल्या, तर म्हणे, "बघू की." माझं डोकं फिरायचं. मेल्यावर दोघांनी दोन वाटांना जायचं होतं तर लग्न कशाला केलं, असं मी तोंडावर विचारलेलं आहे. हे नुसते हसायचे.

ह्यावरून चर्चच्या मंडळीत कायम वाद. पाळकसाहेब म्हणायचे, ख्रिस्ताशेजारी क्रुसावर खिळलेल्या चोराला स्वर्ग मिळाला, त्याला कुणी बाप्तिस्म्याचं पाणी घातलं होतं? विश्वास पुरे. आमचे चर्चच्या शाळेतले म्हातारे मास्तर ह्यांना मंडळीचे जावई मानायचे, ते म्हणायचे, चोराला वेळ नव्हता हो, आपल्या जावईबापूंना तीस वर्षं मिळालीत. चहा गार होईस्तोवर भांडायचे. मी मास्तरांच्या बाजूची, त्यामुळं भीती मलाच.

गेल्या पावसाळ्यात ह्यांचं हृदय थकलं. राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात खोली घेतली. तिसऱ्या दिवशी दुपारी हे आपणहून म्हणाले, "पाळकांना बोलव. आज पाणी घ्यायचं हाय."

मी फोन करायला जिन्यात गेले. पाळकसाहेब गगनबावड्याला अडकलेले, रस्त्यावर पाणी. त्यांचा फोन लागायलाच कितीतरी वेळ गेला. म्हणाले, घाई नको, देव मन बघतो. मला ते पटेना. मास्तरांना लावला. ते म्हणाले, अडीनडीला तू घाल, चालतं; पण त्यांनी स्वतःच्या तोंडानं हो म्हटलं पाहिजे.

परत आले तर हे भिंतीकडं तोंड करून पडलेले. खिडकी उघडी होती, तरी रस्त्यावरच्या रिक्षांचा आवाज आत येत नव्हता. मी तांब्या घेता घेता विचारलं, येशूवर विश्वास आहे ना?

"व्हय."

अगदी माझ्या कानाशी. ओठ हलले का ते मी बघितलं नाही. पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावानं तीन ओंजळी कपाळावर सोडल्या. कपाळ गार लागलं, पाण्यानं असेल म्हटलं.

मग नर्स इंजेक्शन घेऊन आली. तिनं ह्यांचं मनगट धरलं ते बराच वेळ सोडलंच नाही. "काकू, काका गेलेत. अर्धा तास तरी झाला असेल, अंग गार पडलंय."

मी तिच्यावर खेकसले, आत्ता बोलले की माझ्याशी! तिनं ह्यांचं डोकं उचललं. उशी कोरडी होती. केसही कोरडे. तांब्या तेवढा रिकामा.

दीर पंचगंगेवर दहनाला न्यायची तयारी करून आले होते. मास्तरांनी मला व्हरांड्यात एकटीला गाठलं. म्हणाले, बाप्तिस्मा झाला असेल तर आपल्यात पुरायचं, नाहीतर त्यांचा माणूस त्यांना द्यायचा. विचारलं, "हो म्हणाले का जावईबापू?"

"म्हणाले," मी सांगितलं. ह्यांना आमच्या दफनभूमीत पुरलं.

पाळकसाहेब अजून समजावतात, विश्वास होता, तारण झालं, पाण्याचं मनात आणू नका. ह्यांची काळजी मला आता तेवढी वाटतही नाही. त्यांनी पाणी स्वतः मागितलं होतं. मी भिते ते दुसऱ्याच गोष्टीला. हे अर्धा तास आधी गेले असतील, तर त्या खोलीत मला हो म्हणून तो बाप्तिस्मा घेतला कुणी?