नऊ वाजून वीस मिनिटांनी

शेजारच्या कुत्र्याबद्दल सिस्टरने सोसायटीला तीन अर्ज दिले. तिन्हींवर सेक्रेटरींचा एकच शेरा: नियम रात्री दहा ते सकाळी सहापर्यंतच्या आवाजाचा आहे.

"माझी कायमची रात्रपाळी. माझी रात्र सकाळी नऊला सुरू होते," ती कमिटीच्या बैठकीत म्हणाली.

"तुमच्या एकटीसाठी घड्याळ उलटं फिरवायचं का, सिस्टर?"

कमिटी हसली. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. सेक्रेटरींची आई तिच्याच वॉर्डात होती, तेव्हा हीच रात्रपाळी त्यांना चालली होती. आणि गेल्या आठवड्यात, डोळ्यांवर झापड असताना, तिने सात नंबरचं इंजेक्शन आठ नंबरसाठी भरलं होतं. टोचण्याआधी नाव विचारायची बावीस वर्षांची सवय, म्हणून निभावलं.

कुत्र्याचे मालक बँकवाले. "आमचा सोन्या? चार वर्षांत कधी भुंकलेला ऐकला नाही." ते खोटं बोलत नव्हते, याचाच तिला जास्त संताप. नवरा-बायको नऊला घर सोडत ते सातला परतत. मधले दहा तास सोन्या बाल्कनीत कोंडलेला.

"एक दिवस रजा काढा," ती म्हणाली. "रोजच्यासारखे लिफ्टने खाली जा, जिन्याने वर या आणि माझ्याकडे बसा."

तिला खोटं पाडायलाच ते आले. बूट हातात, बॅग मांडीवर. नऊ वाजून वीस मिनिटांनी भिंतीपलीकडे केकाटणं सुरू झालं, मग भुंकणं. पाऊण तास झाला तरी ते थांबेना.

"हा वरच्या मजल्यावरचा असेल. सोन्याचा आवाज इतका घोगरा नाही."

"वर पाण्याची टाकी आहे."

"मग आज त्याला काहीतरी झालंय."

"रोज होतं. याच वेळेला."

बँकवाले उठले. पलीकडे कुलूप उघडलं, भुंकणं थांबलं. माफी मागायला मात्र ते परत आले नाहीत.

पुढच्या सोमवारपासून सोन्या दिवसभर मालकिणीच्या माहेरी राहू लागला. त्याच आठवड्यात, ड्यूटीवरून येताना, सिस्टरला फळ्यावर सेक्रेटरींची नोटीस दिसली: 'कुत्र्याबाबतचा किरकोळ गैरसमज सामोपचाराने दूर झाला.'

तिने खिशातलं पेन काढलं. वॉर्डातल्या कागदावर चूक दुरुस्त करतात तशी 'किरकोळ गैरसमज' या शब्दांवर एकच सरळ रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. वर लिहिलं: 'तक्रार खरी होती.' बाजूला वेळ, आठ चाळीस, आणि सही.

मग वर जाऊन पडदे ओढले आणि झोपली.