अक्कांनी काढून दिलेल्या टाचण्या

“वहिनी गेल्या,” एवढंच हे फोनवर म्हणाले. मी तेव्हा पुण्यात मुलाकडे होते, गुडघे दाखवायला गेलेली. अक्का म्हणजे माझी मोठी जाऊ. हे त्यांना वहिनी म्हणत, मी अक्का. त्या सकाळी त्यांनी अंगण झाडलं, तुळशीला पाणी घातलं आणि पायरीवर टेकल्या, त्या तशाच राहिल्या... ह्यांनी वरून दोनदा हाक मारली तरी मान वळली नाही. आता खोटं कशाला बोलू, बातमी ऐकल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की आता लक्ष्म्यांची आरास कोण करणार? माणूस गेल्याचं रडू त्यानंतर आलं, बस मोहोळच्या पुढे आल्यावर. शेजारच्या बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली आणि कोण गेलं म्हणून विचारलं. मी म्हटलं, माझी बहीण. अक्का असेपर्यंत हा शब्द माझ्या तोंडून कधी निघाला नव्हता. त्या बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि सोलापूर येईपर्यंत आपल्या लेकीच्या सासरचं काहीबाही सांगत राहिल्या.

अक्कांचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, घरात सगळं कानडी. लग्न होऊन आल्या तेव्हा मराठी जेमतेम, असं सासूबाई सांगायच्या. पुढे मराठी चांगलीच अंगवळणी पडली, तरी मला शेवटपर्यंत त्यांनी ‘तंगी’च म्हटलं. तंगी म्हणजे धाकटी बहीण. मी बार्शीची, शाळेत शिकवणारी, जरा तोऱ्यातली. नवीन असताना मला वाटायचं, ही बाई आपल्याला पैशाच्या तंगीवरून चिडवते की काय! अर्थ कळल्यावरही मी काही त्या हाकेला साजेसं वागले नाही, पण ते पुढे येईलच. जुळे सोलापुरात दोघा भावांनी मिळून घर बांधलं. खाली थोरले भाऊजी आणि अक्का, वर आम्ही. लक्ष्म्या अर्थातच खाली, थोरल्यांच्या हॉलमध्ये. पुण्याकडे गौरी म्हणतात, आमच्याकडे लक्ष्म्या.

त्या तीन दिवसांसाठी अक्का वर्षभर गोळा करत असत. काड्यापेट्या, पावडरीचे डबे, फुटक्या बांगड्या, चादरीच्या कारखान्यातून आणलेला रंगीत सुताचा गुंता. विकतचं मखर, थर्माकोलचा महाल वगैरे त्यांना मुळीच खपत नसे. आधी आठवडाभर पसरट परड्यांत माती घालून गहू पेरायच्या, म्हणजे लक्ष्म्या येईपर्यंत वीतभर हिरवं शेत तयार. त्या शेताभोवती दरवर्षी नवा देखावा. एकदा गड्ड्याची जत्रा केली, तर सायकलच्या तारा आणि बांगड्यांचा पाळणा असा बेमालूम जमवला होता, की बोट लावलं की फिरायचा. एका उन्हाळ्यात नळाला पाच-पाच दिवस पाणी नव्हतं, तर भाद्रपदात अक्कांनी टँकर उभा केला. पुढे मातीच्या बाहुल्यांची रांग, प्रत्येकीच्या कडेवर घागर. एक बाहुली रांग मोडून पुढे घुसलेली आणि मागचीनं तिचा पदर धरलेला. हळदीकुंकवाला आलेल्या बायका लक्ष्मीला हात जोडायचं सोडून ती बाहुली बघून हसत सुटायच्या. ती घुसखोर कोण, हे अख्ख्या कॉलनीला कळलं. तिलाही कळलं, आणि ती दोन महिने आमच्याशी बोलली नाही.

पण खरी अक्का दिसायची ती लक्ष्म्या नेसवताना. ज्यांनी हे केलंय त्यांना ठाऊक आहे, पत्र्याच्या कोठीला ना खांदा असतो ना कंबर. आत धान्य भरायचं, वर पितळी मुखवटा ठेवायचा आणि त्या डब्याची बाई करायची. अक्का मांडी घालून बसत, दातांत सात-आठ टाचण्या धरत आणि तसंच तोंड मिटून बोलत. काय बोलताहेत ते आम्हाला अंदाजानं ओळखावं लागे. इरकलीच्या निऱ्या त्यांच्या बोटांतून अशा पडायच्या, की बघणारीला आपलीच साडी सारखी करावीशी वाटायची. शेवटी मुखवटा ठेवायचा आणि त्याच्यामागे कापडाची बारीक घडी सरकवून तो पुढे किंचित झुकवायचा. मी एकदा विचारलं, हे कशाला? तर म्हणाल्या, “येनाऱ्या बाईकडं बघाया पायजे की तिनं. वर बघत बसली तर लई गर्वाची वाटती.” मी हे शिकले नाही. शिकावंसं वाटलंही नाही, कारण मनातून मला त्या कौतुकाचा राग यायचा. शाळा सांभाळून सोळा भाज्या चिरायला, पुरण वाटायला मीही राबायची. पण येणारी प्रत्येकजण म्हणायची, अक्कांच्या लक्ष्म्या बघितल्या का? घर दोघींचं, लक्ष्म्या मात्र अक्कांच्या.

मग एका हिवाळ्यात, संक्रांत झाल्यावर, भाऊजी गेले. त्या वर्षी घरात सण नव्हता. पुढच्या भाद्रपदात वर्ष होऊन गेलं होतं. अक्कांनी परड्या पेरल्या, देखावा लावला, रंगीत सुताचा झरा केला. मला वाटलं होतं, निदान या वेळी त्या बाजूला राहतील. लक्ष्म्या यायच्या दिवशी सकाळी मी खाली गेले, तर अक्का न्हाऊन कोठीसमोर मांडी घालून बसलेल्या, टाचण्या दातांत धरलेल्या. हिरवी इरकल माझ्या हातात होती. त्यांनी न बघताच हात पुढे केला. मी साडी दिली नाही. म्हटलं, “अक्का, राहू द्या. यंदापासून मी नेसवते.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. हात तसाच पुढे होता. मग तो मागे घेतला आणि तोंडातून एकेक टाचणी काढून माझ्या तळहातावर ठेवली. पदरानं आधी पुसायच्या, मग ठेवायच्या. सगळ्या ठेवून झाल्यावर “बरं” म्हणाल्या आणि आत जाऊन भोपळा चिरायला बसल्या. त्या दिवसापासून त्यांनी कोठीला हात लावला नाही.

रात्री जेवताना ह्यांनी विचारलं, की आज वहिनींनी का नाही नेसवल्या? मी म्हटलं, बायका येतात, उगाच कुणी काही बोललं तर त्यांनाच वाईट वाटेल. हे म्हणाले, “पण आई तर शेवटपर्यंत मुखवटे ठेवायची की.” बरोबरच होतं. मी लग्न होऊन आले त्याच्या कितीतरी आधी सासरे गेले होते, आणि सासूबाई त्यांच्यामागे वीसेक वर्षं स्वतःच्या हातानं लक्ष्म्या आत घेत होत्या. कुणी कधी ब्र काढला नाही. दुसऱ्यांच्या घरी काय चालतं ते चालो, आमच्या घरात विधवेला दूर ठेवायची रीतच नव्हती. ती मी आणली. ह्यांना मी सांगितलं, सासूबाईंची गोष्ट वेगळी, त्या मोठ्या होत्या. ह्यांनी ताटात मान घातली, पुरुष घालतात तशी. मीही ताटात बघून जेवले. लोक काय म्हणतील, ही सबब मला सुचली ती नंतर. कोठीसमोर उभी असताना माझ्या मनात लोक नव्हतेच. माझ्या मनात एवढंच होतं, की आता हे माझ्याकडे येऊ शकतं.

आणि आलं. संध्याकाळी बायका आल्या, छान नेसवल्यात हो, म्हणाल्या. खरं तर माझ्या निऱ्या आखूड-लांब झाल्या होत्या आणि मुखवटे छताकडे बघत होते. तरी मला बरं वाटलं, फार बरं वाटलं. पुढे एका वर्षी पेपरात आमच्या आरासीचा फोटो आला. देखाव्यातली काडी न् काडी अक्कांची, आणि खाली नाव माझं. मी तिथेच उभी होते, नाव सांगताना मला दोन नावं सांगता आली असती. दुसऱ्या दिवशी अक्कांनी ते कात्रण कापून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून मला वर आणून दिलं. फोटो लई चांगला आलाय म्हणाल्या. त्यात टोमणा असावा म्हणून मी त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं. नव्हता. टोमणा मारला असता तर मी भांडले असते, आणि भांडणात कदाचित खरं बोलून गेले असते.

अशी अकरा वर्षं. दरवर्षी आदल्या दिवसापर्यंत अक्का देखाव्यात बुडालेल्या, आणि लक्ष्म्या यायच्या दिवशी सकाळपासून स्वयंपाकघरात. बाकी आमचं चांगलं होतं बरं का, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं की आम्ही एकमेकींकडे बघत नव्हतो. रोज दुपारी मी खाली चहाला जायची. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर त्यांनी माझ्या डोळ्यात थेंब घातले, ते आठवलं की आजही मला माझी लाज वाटते.

गेल्या वर्षी माझे गुडघे इतके धरले, की खाली बसणं अशक्य झालं. तेव्हा मी अक्कांना म्हटलं, की यंदा तुम्हीच नेसवा. लक्षात घ्या, मला काही उपरती झाली नव्हती, गुडघे दुखत होते. अक्का विळीवर बसल्या होत्या. बोटं सांध्यांत सुजलेली, वाकडी झालेली. त्यांनी आपल्याच हातांकडे बघितलं आणि म्हणाल्या, “आता न्हाय गं जमायचं. आन् जमलं तरी लक्ष्मी इचारंल की, अकरा वर्सं कुटं हुतीस म्हून. काय सांगू तिला?” मी हसले. म्हटलं, सांगा माहेरी गेले होते. त्याही हसल्या... आणि विषय संपला. शेवटी माझ्या सुनेनं मोबाइलवर व्हिडिओ बघत बघत नेसवल्या. अक्का दारात उभ्या राहून बघत होत्या. मध्येच त्यांनी हात उचलला, काहीतरी सांगायचं होतं, मग पदर सारखा केला आणि आत गेल्या. त्या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं. “सांगा, तंगीनं येऊ दिलं नाही.” एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? त्यानंतरही दहा महिने होते. रोज दुपारचा चहा होता.

अक्कांची मुलगी वैशाली, लातूरला दिलेली. तिच्या सासरीही लक्ष्म्या बसतात, त्यामुळे लग्नानंतर त्या दिवसांत ती कधीच इथे नसायची. तेराव्याला सगळे गेल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, “काकू, बाबा गेल्यावर मी आईला किती विचारायची, तू का नाही नेसवत म्हणून. ती म्हणायची, तंगी लई मागं लागली हुती, मीच नको म्हनलं. कंटाळा आला मला.” मग तिनं माझा हात हातात घेतला. सासरी तिची मोठी जाऊ चार वर्षांपूर्वी विधवा झाली, तिला लक्ष्म्यांच्या खोलीतसुद्धा कुणी बोलावत नाही. वैशाली तिथे भांडते आणि दरवेळी माझं उदाहरण देते, की माझ्या काकूंनी स्वतःहून आग्रह केला होता. मी तिच्या हातातून हात सोडवला आणि चहा टाकते म्हणून उठले. गॅससमोर उभी राहिले, चहा उतू गेला तरी मला कळलं नाही. तिला वाटलं, काकूंना आईची आठवण आली.

आता श्रावण चालू आहे. यंदा आमच्याकडे लक्ष्म्या नाहीत. रिकाम्या परड्या गच्चीवर पालथ्या पडल्या आहेत, आणि ह्यांनी दोनदा विचारलं की त्या खाली आणून ठेवू का. मी नको म्हटलं. कॉलनीत भेटणाऱ्या बायका म्हणतात, तुम्ही जावेचं फार केलंत हो, बहिणी-बहिणींसारख्या राहिलात. मी मान डोलावते. इतकी वर्षं डोलावत आले, मानेला सवय झाली आहे. म्हणून हे लिहायला घेतलं. अक्कांवर चार चांगले शब्द लिहून द्या, असं पुरवणीवाल्यांनी सांगितलं होतं, त्यांना हे चालेल की नाही, माहीत नाही.

वैशू, लातुरात ही पुरवणी मिळत नसेल, तर अंक मी पोस्टानं पाठवते. मी आग्रह केला नव्हता. तुझी आई न्हाऊन, टाचण्या दातांत धरून बसली होती, तिनं साडीसाठी हात पुढे केला होता आणि मी साडी दिली नाही. घरात कुणाचीच हरकत नव्हती, फक्त माझी होती. सासरी माझं नाव घेऊन भांडू नकोस. आणि आईला कंटाळा आला होता, असं कुणाला सांगू नकोस. तिला नेसवायच्या होत्या.