चौथा गडी

आमच्या दुकानात बियाणं, खत, फवारणीची औषधं मिळतात. वडीगोद्रीला हायवेवर दुकान म्हणल्यावर गिऱ्हाईक रविवार-सोमवार बघत न्हाई. त्यामुळं मी रविवारी दुपारी शटर ओढायला लागलो तेव्हा लोकांना वाटलं, पोराच्या दुःखानं ह्याचं डोकं फिरलं. डोकं बिलकुल ठिकाणावर होतं. मला घरी जाऊन कॅरम खेळायचा होता.

पोरगा आमचा एकुलता एक. मोटारसायकलला ट्रकनं उडवलं, दवाखान्यात पोचायच्या आधीच गेला. ह्याहून जास्त मी कुणाला सांगत न्हाई, आणि कुणी खोदून विचारलं तर मला राग येतो. त्याच्या आईनं मात्र बोलणंच सोडलं. जेवणही सोडल्यात जमा. भाकरीचा तुकडा मोडायची, हातात धरून बसायची, मंग तसाच ताटात ठेवून उठायची. नातेवाईक समजावून थकले. मी ओरडून पाह्यलं, हात जोडून पाह्यलं. पोरगा तर गेल्ताच, आता ही पण जाते का काय, ह्या धास्तीनं दुकानात गिऱ्हाईक काय मागून राह्यलं ते मला ऐकू येईना.

तेरवी झाल्यावर पहिल्या रविवारी त्याचे तिघं दोस्त आले. आमच्या पुढच्या खोलीत दर रविवारी चौघांचा डाव बसायचा, त्या सवयीनं पाय वळले असतील. बोर्ड कपाटामागं उभा होता, त्याच्याकडं कुणी बघंना. खाली मुंड्या घालून बसले. शेवटी त्यातला चष्मेवाला, जो डावात बहुतेकदा आमच्या पोराचा जोडीदार असायचा, आतल्या खोलीकडं तोंड करून म्हणला, "काकू, चहा टाका ना."

ती उठली. चहा केला. मंग दारात येऊन विचारलं, "पोहे करू का रे?" पोरांना वाढलं आणि त्यांच्यात बसून स्वतः बशीभर खाल्लं. मी भिंतीकडं तोंड केलं, कारण मला रडू यायला लागल्तं.

पण पोरं नुसती चहाला किती दिवस येणार? आणि तिघांत डबलचा डाव होत न्हाई. पुढच्या रविवारी ते यायच्या आधीच मी बोर्ड काढून पुसून ठेवला. आले तसं सांगितलं, "चौथा मी. शिकवा."

पन्नाशीच्या माणसानं कॅरम शिकणं म्हणजे नुसतं हसं करून घेणं. माझी बोटं गोण्या उचलून जाड झालेली. स्ट्रायकर मारला की सोंगटीला सोडून खाटेखाली जायचा. "काका, हळू. खताची गोणी न्हाई ती," पोरं म्हणायची. राणी घेतली की लगेच आपली एक सोंगटी घेऊन तिला कव्हर करावं लागतं, न्हाईतर राणी परत बोर्डावर, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरायला महिना गेला. मी राणी घ्यायचो, खूश होऊन मिशीवर हात फिरवायचो, आणि चष्मेवाला कपाळाला हात लावायचा. मला चिडायला वेळ लागत न्हाई. एकदोनदा बोर्ड उलटा करायची पाळी आल्ती. पण आतून पोह्याच्या फोडणीचा वास यायचा आणि मी गप बसायचो.

दुकानात गिऱ्हाईक नसलं की काउंटरवर औषधाच्या बाटल्यांची झाकणं मांडून बोटानं उडवायचो. एकानं विचारलं, "शेठ, हे काय करून राह्यले?" म्हणलं, "काम करून राह्यलो. तुला काय पाह्यजे ते बोल."

दिवाळीपर्यंत माझा हात बराबर बसला. मी जिंकायला लागलो आणि खोटं कशाला बोलू, डोक्यात हवा गेली. मंग एका रविवारी जोड्या बदलल्या आणि चष्मेवाला माझ्या विरुद्ध खेळून राह्यल्ता. त्याची सोंगटी पॉकेटच्या तोंडावर होती. लेकरानं फुंकर मारली असती तरी आत गेली असती. त्यानं नेम धरला आणि बाजूला मारला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. "मुद्दाम चुकलास. दया दाखवून राह्यला का मला?"

चष्मेवाल्यानं चष्मा काढून शर्टाला पुसला. म्हणला, "दया न्हाई, काका. सवय हाय. त्याला हरलेलं बिलकुल चालायचं न्हाई. रुसून उठून जायचा, दोन दोन दिवस फोन उचलायचा न्हाई. म्हणून विरुद्ध बाजूला कुणी पण असलं तरी आम्ही त्याला जिंकू द्यायचो. तुम्ही त्याच्याच जागेवर बसता ना, हात आपोआप चुकतो."

माझा पोरगा दर रविवारी जेवताना सांगायचा, आज पण मीच जिंकलो. मी गावभर सांगत फिरायचो, कॅरममधी आमच्या पोराचा हात धरणारा तालुक्यात न्हाई. आणि इथं हा प्रकार. मी काही बोलायच्या आत दारातून हसणं ऐकू आलं. त्याची आई. पदर तोंडाला लावून हसून राह्यली होती. "घरात पण असाच होता," ती म्हणली. "तो लहान असताना सापशिडीत मी मुद्दाम घरं चुकवून हरायची रोज." त्या दिवशी तिनं दोन बशा पोहे खाल्ले. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडलो.

पुढं व्हायचं तेच झालं. एकाला चाकणला कंपनीत काम लागलं. दुसऱ्याचं लग्न झालं, सासऱ्याच्या धंद्यात संभाजीनगरला गेला. दोघंच उरलो तरी चष्मेवाला येत राह्यला. मंग एका रविवारी तो आला तो उंबऱ्यातच थांबला, चप्पल काढंना. नागपूरला बदली झाली म्हणला. मीच म्हणलं, "अरे जा. चांगलं हाय. जल्दी कर, बस चुकंल." तो आत जाऊन तिच्या पाया पडला. तिनं त्याला सोबत पोहे बांधून दिले. मला त्या तिघांचा फार राग आला. त्यांची काय चूक? आमचा असता तर तो पण गेलाच असता कुठंतरी नोकरीला, फोन केला असता, दिवाळीला आला असता. तेवढंही आमच्या वाट्याला आलं न्हाई, त्याचा राग होता तो.

आठवडाभर ती परत भाकरीचा तुकडा हातात धरून बसायला लागली.

रविवार आला. मी दुपारी शटर ओढून घरी आलो. बघतो तर तिनं पोहे भिजवलेले, रोजच्या पातेल्यात न्हाई, मोठ्या. हाताला काहीतरी काम पाह्यजे म्हणून बोर्ड मांडला, पावडर टाकली आणि एकटाच खेळायला लागलो. इकडून पांढऱ्या मारायच्या, उठून तिकडं बसायचं, काळ्या मारायच्या. थोड्या वेळानं गुडघे दुखले, थांबलो.

आतून ती म्हणली, "अहो, थांबू नका."

"अगं, खेळू कुणाशी?"

"कुणाशी पण खेळा. टकटक चालू असली की वाटतं सगळे बसलेत बाहेर. थांबली की मला आठवतं."

मी आत डोकावलो. बशी तिच्या मांडीवर होती, घास हातातच होता. मी परत येऊन सोंगट्या मांडल्या आणि तिचं खाऊन होईस्तोवर मारत राह्यलो.