एक डोळा झाकायला शिकवणाऱ्या बाई

केळुसकरबाईंना मी पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही. सरळ पुढे आल्या, माझ्या डाव्या डोळ्यावर तळवा ठेवला आणि म्हणाल्या, "माका सांग गो, माझां नाक सरळ दिसतां काय?"

"सरळ आहे," मी म्हटलं.

तळवा दुसऱ्या डोळ्यावर गेला. "आणि आता?"

"आताही सरळच आहे."

"बरां. बस खाली. नाव नंतर सांग."

ही त्यांची नमस्काराची पद्धत होती. भाजीवाली असो, पोस्टमन असो, त्यातून कोणी सुटत नसे. भाचीच्या लग्नात आहेर द्यायला स्टेजवर गेल्या, तर आधी नवरदेवाचा एकेक डोळा झाकून त्याला नवरीकडे बघायला लावलं. दोन्ही डोळ्यांनी नवरी सारखीच छान दिसते असं तो म्हणाला, तेव्हा कुठे त्याच्या हातात आहेर पडला.

बाई डोळ्यांच्या डॉक्टर. त्यातही मागच्या पडद्याच्या. त्या पडद्याच्या मधोमध पिवळसर ठिपक्यासारखी एक जागा असते, तिला मॅक्युला म्हणतात. वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं, सगळं त्या एवढ्याशा जागेवर चालतं. उतारवयात काहींच्या त्या जागेखाली पाणी साचतं, रक्त झिरपतं, आणि वेळेत कळलं नाही तर तिथे कायमचा वण होतो. माणूस आंधळा होत नाही, पण जिथे बघावं नेमकं तिथेच काही दिसत नाही. दुखत नाही, खुपत नाही. दुसरा डोळा चांगला असतो, तो सगळं सांभाळून घेतो, म्हणून घरात कोणाला पत्ताही लागत नाही. बाई म्हणत, "दोन डोळे म्हणजे दोन सख्खे भाऊ. एक दुसऱ्याची चूक झाकतो. म्हणून एकेकाला वेगळं बोलवा आणि विचारा."

हे विचारायचं कोणी? बाईंचं म्हणणं असं, की पडद्याच्या डॉक्टरांना शिकवून काही उपयोग नाही, त्यांना येतंच. "माणूस आधी चष्म्याच्या दुकानात जातो, मग गल्लीतल्या डॉक्टरकडे, मग गावच्या देवाकडे. माझ्याकडे येतो तो सगळं संपल्यावर. मी त्या आधीच्यांना शिकवणार. देव सोडून."

म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी लालबागच्या एका व्यायामशाळेत त्यांचा वर्ग भरायचा. गिरण्यांचा संप फिसकटला त्याच्या पुढेमागे त्यांनी तो सुरू केला होता. सतरंजीवर गिरणगावातले डॉक्टर, पालिकेच्या रुग्णालयातल्या नर्सबाई आणि आम्ही चष्म्याचे नंबर काढून देणारे, सगळे मांडीला मांडी लावून. एका डॉक्टरांनी खुर्ची मागितली, तर बाई म्हणाल्या, "खुर्ची फक्त पेशंटला. बसायचं असेल तर आधी डोळ्यांत थेंब घाला." आणि खरोखर घालायच्या. बाहुल्या मोठ्या करून अर्ध्या वर्गाला भर उन्हात बाहेर पाठवायच्या, पेशंटला कसं वाटतं ते कळायला. आमचे लालबागचे डॉक्टर शेट्ये एकदा चहासाठी साखर आणायला गेले आणि मिठाची पिशवी घेऊन आले.

माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते, म्हणजे मागावर कापड विणायचे. संपानंतर गिरणीने त्यांना परत घेतलंच नाही. आईने साड्यांना फॉल लावून मला शिकवलं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे सांगताना मी आवाज खाली करत नाही. सायन्सची पदवी घेतली, वर डोळे तपासण्याचा कोर्स केला आणि लालबागलाच चष्म्याच्या दुकानात लागले. चाळ मला 'चष्म्याची डॉक्टरीण' म्हणायची. मला वाटायचं, आता शिकून झालं. बाईंच्या वर्गात पहिल्याच दिवशी कळलं, की शिकणं आत्ता कुठे सुरू होतंय.

त्या काळी ह्या आजारावर फारसा इलाज नव्हता. शेट्ये डॉक्टर दर दोन-तीन महिन्यांनी कुरकुरायचे, "बाई, ओळखून करायचं काय? औषध कुठाय?"

"वाटेवर आहे."

"कुठल्या वाटेवर?"

"ते माका काय म्हायत? पण पाहुणा आला आणि घराला कुलूप, असं व्हायला नको. ओळखायला शिका."

आणि एक दिवस पाहुणा आला. डोळ्यात द्यायचं इंजेक्शन निघालं. वेळेवर दिलं तर पाणी सुकतं, नजर टिकते, कधी कधी सुधारतेसुद्धा. त्या रविवारी बाईंनी वर्गाला स्वतःच्या हातचे घावणे आणि खोबऱ्याचा रस खाऊ घातला. शेट्यांच्या पानात दोन जास्त वाढले आणि म्हणाल्या, "खा. आणि आता माका ताजो मासो आणून द्या."

ताजा मासा म्हणजे ताजा पेशंट, ज्याच्या पडद्यावर अजून वण धरलेला नाही असा. पण आम्ही धाडायचो ते सगळे उशिराचे. कोणाला दुकानात तीन वेळा चष्म्याचा नंबर बदलून दिलेला, कोणाला घरच्यांनी 'मोतीबिंदू आहे, पिकू दे' म्हणून बसवून ठेवलेलं. बाई तपासायच्या, पेशंटशी मायेने बोलायच्या, काठी कशी धरायची, वाचायला भिंग कुठलं घ्यायचं ते शिकवायच्या. पेशंट गेला की आमच्याकडे वळायच्या. "पिकतो तो आंबा. डोळे पिकवत बसू नका. परत सुके बोंबील आणलात."

असं वर्षभर चाललं. मग दिवाळीच्या आधीच्या वर्गात त्या उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "मी सत्तरीला आले. इतकी वर्षं शिकवून तुमच्यापैकी एकालाही एक माणूस वेळेवर आणता येत नसेल, तर माझं शिकवणं चुकतंय. दिवाळीनंतर वर्ग बंद."

बाईंनी डबा उघडला आणि एकट्याच जेवायला बसल्या. मी घरी निघाले.

आमची चाळ तेव्हा लोखंडी टेकूंवर उभी होती. जिना एका अंगाला कललेला, गॅलरी दुसऱ्या. वर आले तर आमच्या शेजारच्या परबकाकांच्या दारात ही गर्दी. परबकाका वडिलांचे साच्यावरचे जोडीदार. दसऱ्यापासून त्यांनी धोशा लावला होता, की दाराची चौकट वाकली, चाळ खचतेय. चाळीची अवस्था बघता त्यावर अविश्वास कोण ठेवणार? मेस्त्रीला बोलावून दाराची कड रंधून घेतली होती. तरी काकांचं समाधान नाही. आज मेस्त्रीने दुसऱ्यांदा येऊन कड रंधली होती आणि आता रंधा टाकून, चौकटीवरून ओळंब्याची दोरी सोडून उभा होता.

"बघा काका, डोळे फाडून बघा. दोरी आणि चौकट, एका रेषेत आहेत की नाय?"

काकांनी जन्मभराच्या सवयीने डावा डोळा मिटला. कापडाचा काठ सरळ आहे का ते बघताना साचेवाले असाच एक डोळा मिटून बघायचे. काका बघत राहिले आणि म्हणाले, "तुझ्या दोरीलाच मध्ये पोट आलंय रे."

लोक हसले. मेस्त्री भडकला. "काका, खाली शिशाचा गोळा लटकतोय. दोरीला पोट कुठून येईल?"

मी जिन्याच्या तोंडाशी उभी होते, ती तशीच पुढे घुसले. लटकणारी दोरी वाकडी होऊच शकत नाही. काकांच्या उजव्या डोळ्यावर तळवा ठेवला. "काका, आता दोरी कशी आहे?"

"आता सरळ."

तळवा डाव्या डोळ्यावर. "आणि आता?"

"परत वाकली. आणि मेस्त्रीच्या नाकावर डाग पडल्यासारखा दिसतोय."

मी मेस्त्रीच्या हातातून ओळंबा घेतला, काकांचा दंड धरला आणि त्यांना पट्ट्यापट्ट्याच्या लेंग्यावरच खाली ओढत नेलं. काकी मागून ओरडत होती, "अगो, तेंका निदान सदरो घालू दे." मी थांबले नाही. व्यायामशाळेला कुलूप लागायच्या आत पोचायचं होतं.

बाई डबा धुवत होत्या. मी दारातूनच म्हटलं, "बाई, ताजा मासा."

काका म्हणाले, "कोण मासो?"

बाईंनी हात पुसले आणि तिथल्या तिथे ओळंबा दाराला टांगून काकांचा एकेक डोळा तपासला. मग बॅगेतून थेंब काढून घातले आणि बाहुल्या मोठ्या होईपर्यंत काकांना नाव, गाव, गिरणी विचारत राहिल्या. डोक्याला दिवा लावून, हातात भिंग धरून वाकून पाहिलं. पाहता पाहता त्यांचा चेहरा सातवीतल्या मुलीसारखा झाला. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ताजो आसा गो. फडफडीत."

खरी लढाई तिथून पुढे होती. डोळ्यात सुई म्हटल्यावर काका उठूनच उभे राहिले. "दिवाळी होऊ दे. मग बघू."

एव्हाना काकी सदरा घेऊन धापा टाकत पोचली होती. तीही म्हणाली, "सणासुदीचं नको."

बाईंनी काकांना परत खुर्चीत बसवलं आणि स्वतः समोर सतरंजीवर बसल्या. काका खुर्चीत, बाई खाली. "परबांनू, संपानंतर गिरणी उघडायची किती वाट बघितलीत?"

काकांनी मान खाली घातली. "मरेपर्यंत बघितली असती. बोर्ड उतरवला तेव्हा थांबलो."

"तेव्हा तुमच्या हातात काही नव्हतं. आज आहे. ह्या डोळ्याचं फाटक अजून उघडं आहे. दिवाळीपर्यंत राहील की नाही, मला सांगता येत नाही. उद्या सकाळी या."

काका खुर्चीतून उठले. मग काकीला म्हणाले, "माझो सदरो दी."

दुसऱ्या दिवशी पहिलं इंजेक्शन झालं. मग दर महिन्याला एक. टोचायच्या आधी काका बाईंचा हात इतका घट्ट धरायचे, की बाईंच्या बांगड्या वाढवायची वेळ आली. तिसऱ्या इंजेक्शननंतर एका सकाळी काकांच्या खोलीतून आरडाओरडा ऐकू आला. मी धावले. काका डावा डोळा मिटून दारासमोर उभे होते आणि मेस्त्रीच्या नावाने शिव्यांची लाखोली वाहत होते. "मेल्यान दाराची वाट लावली. ही बघ फट. मांजर जाईल एवढी."

चौकट सरळ होती, पहिल्यापासून सरळच होती. वाकडं होतं ते दार, दोनदा रंधून मेस्त्रीने केलेलं. आणि काकांना उजव्या डोळ्याने ते आता नीट दिसत होतं.

बाईंना सांगितलं, तर त्या पुढच्या रविवारी अख्खा वर्ग घेऊन चाळीत आल्या. टेकूवरच्या गॅलरीत शेट्ये डॉक्टरांसकट सगळे रांगेने उभे राहिले आणि एकेक डोळा झाकून त्यांनी ती फट पाहिली. बाई म्हणाल्या, "नीट बघा. 'काहीतरी वाकलंय' असं कोणी म्हणालं, की आधी मेस्त्रीला बोलावू नका. आधी डोळा झाका." मग काकांना म्हणाल्या, "हे दार बदलायचं नाही हां."

वर्ग बंद करण्याचं त्यांनी पुन्हा नाव काढलं नाही. माशांचा सुकाळ झाला. शेट्ये डॉक्टरांनी तर एकाच पावसाळ्यात दोन पेशंट वेळेवर आणले आणि वर्गभर मिरवले. चाळ पडली, तिथे टॉवर उभा राहायला लागला, तेव्हा काकांनी ते दार उतरवून हातगाडीवरून व्यायामशाळेत आणून दिलं. आम्ही ते तिथल्या आतल्या चौकटीत बसवलं.

बाई गेल्या त्यानंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही सगळे जमलो खरे, पण सुरुवात कोणी करेना. शेट्ये माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. तेवढ्यात काठी टेकत परबकाका आले. दर महिन्याला यायचेच. कोणाशी न बोलता ते दारासमोर उभे राहिले. तळव्याने एक डोळा झाकला, वरपासून खालपर्यंत फट बघितली. मग दुसरा झाकला, पुन्हा बघितली. आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "दार वाकडांच आसा. म्हणजे डोळो बरो."

मग माझ्याकडे काठी रोखून म्हणाले, "बघतस काय गो? शिकव तेंका."