कायमचा चषक

आमच्या लालबागच्या चाळीत दौलतकाका परबांच्या कपाटावर फूटभर उंचीचा एक चषक बत्तीस वर्षं उभा होता. प्रभादेवीच्या नवतारा मंडळाच्या कबड्डी स्पर्धेचा. एकेकाळी त्या स्पर्धेला गिरणगावातले वीस-बावीस संघ उतरायचे. आता ती स्पर्धा नाही.

चषक फिरता होता. जिंकणाऱ्यानं तो वर्षभर घरी ठेवायचा आणि पुढच्या स्पर्धेआधी मंडळात परत द्यायचा. परत आला की मगच त्याच्या लाकडी बैठकीवर विजेत्याचं नाव कोरलं जाई. सलग तीन वर्षं जिंकणाऱ्या संघाला मात्र तो कायमचा मिळे.

त्र्याण्णव साली दौलतकाकांच्या संघानं तो सलग तिसऱ्यांदा जिंकला. काका कप्तान होते, तिशीतले. गिरणी बंद पडली होती, दुसरी नोकरी नव्हती. मिरवून दाखवावं असं घरात तेवढंच होतं. महिन्याभरानं मंडळाचे सेक्रेटरी शामराव आले.

"दौलत, नवा चषक करायची आमची ऐपत नाही रे. हाच परत दे. यंदाचं तुमचं नाव कोरतो, आणि पुढच्या साली यावरच खेळवू."

"नियम कुणी केला, शामराव?"

"आम्हीच."

"मग पाळा की!"

शामराव चहा न घेता उतरले. पुढच्या वर्षी चषकाविना स्पर्धा झाली, तर जेमतेम पाच संघ आले. त्याच्या पुढच्या वर्षी मैदानच आखलं गेलं नाही. काकांना नंतर कुरिअर कंपनीत काम मिळालं, दोन मुलींची लग्नं झाली, गुडघे गेले. पण कुणी कबड्डीचा विषय काढला की ते उठून गॅलरीत जायचे.

यंदा आमची चाळ पाडायची नोटीस आली. सामान बांधता बांधता काकांनी चषक टॉवेलात गुंडाळला आणि मला हाक मारली, "चल गं, प्रभादेवीला. मला एकट्याला जिना जमणार नाही."

"ह्या पितळ घेवन खंय चल्लात?" त्यांच्या बायकोनं, जाईकाकींनी, विचारलं.

"परत द्यायला."

"आता? खेळणारे म्हातारे झाले सगळे!"

शामरावांचं घर तिसऱ्या मजल्यावर. ऐंशीचे झालेत, कानाला यंत्र आहे. त्यांच्या सुनेनं, नम्रतानं, दार उघडलं. काकांनी चषक टीपॉयवर ठेवला, पण बसले नाहीत.

"घ्या. माझं चुकलं."

शामरावांनी चष्मा लावून बैठकीवरची नावं बोटानं चाचपली. "एक्याण्णव, ब्याण्णव. त्र्याण्णव नाहीच."

"परत कुठे दिला होता मी, कोरायला?"

"म्हणजे तुझा सगळ्यात मोठा विजय यावर नाहीच! लेका, हट्टापायी केवढं घालवलंस रे."

काका कसंनुसं हसले. "आता तरी ठेवून घ्या. मंडळात लावा."

"मंडळाच्या खोलीत आता जिम आहे. तिथली पोरं मला विचारतात, आजोबा, तुम्ही कोण?" शामरावांनी चषक त्यांच्याकडे सरकवला. "नियमानं तुझाच आहे. ने."

"शामराव, स्पर्धा माझ्यामुळे बंद पडली का? खरं सांगा."

नम्रता चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली.

"गिरण्या गेल्या. पोरं विरार-डोंबिवलीला गेली. ती बंद पडणारच होती," शामराव म्हणाले. काकांचे खांदे जरा सैल झाले. तेवढ्यात म्हातारा पुढे बोलला, "पण चषक असता तर अजून दोनेक वर्षं निघाली असती, दौलत. तेवढी दोन वर्षं तुझ्या नावावर."

काकांनी मान डोलावली. चषक उचलून पुन्हा टॉवेलात गुंडाळू लागले, तर हातून टोक सुटत होतं. मी मदतीला पुढे झाले.

"राहू दे," ते म्हणाले, "माझा आहे. मीच नेतो."