रोहेकरकाका आणि काचेवरचं धुकं

नेहेम्या रोहेकर, म्हणजे आमचे रोहेकरकाका, यांच्याशी माझी ओळख त्यांच्या बायकोमुळे झाली. टोरोंटोतल्या नॉर्थ यॉर्कला आमच्या बिल्डिंगपासून दोन स्टॉपवर एक देशी ग्रोसरी होती, तिथे दीनाकाकू काउंटरवर असायच्या. एकदा मी माझ्या मुलीला, जाईला, मराठीत दटावत होते आणि ती इंग्रजीत उलट उत्तरं देत होती. ते ऐकून काकूंनी विचारलं, "पुण्याची का गो तू?" आणि पाच मिनिटांत माझी सगळी माहिती काढून घेतली: नाव मृणालिनी, काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं, नवरा चारुदत्त वर्षभरासाठी कॅल्गरीच्या प्रोजेक्टवर, मुलगी सहा वर्षांची, गाडी दहा वर्षांची. गाडीचं वय ऐकून त्या म्हणाल्या, "काही बिघडलं तर आमच्या यांच्याकडे ने."

रोहेकर बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, मूळचे रोह्याचे. काकांनी ठाण्याला एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये बावीस वर्षं इलेक्ट्रिशियनचं काम केलं होतं. बसच्या वायरिंगमधला दोष शोधायचा असला की आधी त्यांना हाक जायची. मुलगी अविगैल नर्सिंग करून टोरोंटोला स्थिरावली आणि तिने २००३मध्ये आईवडिलांना बोलावून घेतलं. इथे त्या बावीस वर्षांना कागदोपत्री फारशी किंमत नव्हती. पन्नाशीत काका पुन्हा शिकाऊ झाले. एका इराणी गृहस्थाच्या गॅरेजमध्ये विंटर टायर बदलायचे, ऑइल बदलायचे, आणि गाडीखालून उठताना गुडघ्यावर हात ठेवून क्षणभर थांबायचे. मालक भला माणूस होता. शनिवार गॅरेजचा सर्वांत गर्दीचा दिवस, पण काकांचा शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र वार, म्हणून त्याने तो दिवस त्यांना मोकळा दिला होता.

मेकॅनिकच्या लायसन्सची परीक्षा त्यांनी २००७च्या वसंतात दिली आणि थोडक्यात नापास झाले. प्रश्न वाचून समजेपर्यंत वेळ संपत होता. दुसरी तारीख नोव्हेंबरात मिळाली होती.

त्याच ऑक्टोबरात मी माझी गाडी त्यांच्याकडे नेली. तक्रार होती एसीची. ऑक्टोबरात एसी कशाला, असं पुण्यातल्या माणसाला वाटेल. पण इथल्या ओल्या थंडीत काचेवर आतून धुकं धरतं आणि ते एसीच काढतो, हवा कोरडी करून. माझा एसी कधी चालायचा, कधी नाही. काकांनी गाडी आत घेतली, हँडब्रेक ओढला, गॅसचं प्रेशर पाहिलं, फ्यूज पाहिला. इंजिन चालू ठेवून एसीचं बटण दाबलं की कॉम्प्रेसरचा क्लच 'टक' करून पकडत होता. प्रत्येक वेळी पकडत होता. शेवटी क्लचला वीज सोडणारा एक रिले त्यांना थोडा जळका दिसला, तो त्यांनी बदलला. म्हणाले, "झालं ताई. आता त्रास नाही द्यायची."

चार दिवसांनी, संध्याकाळी, मी जाईला डे-केअरमधून घेऊन चारशे एक नंबरच्या हायवेवर चढले. पाऊस कोसळत होता. दोन एक्झिट गेल्या आणि समोरच्या काचेवर खालून धुकं चढायला लागलं. एसीचं बटण पेटलेलं होतं, पंखा पूर्ण सोडला होता, तरी धुकं वाढतच गेलं. मी बाहीने काच पुसली तर सगळं फरकटलं. पुढच्या गाडीचे लाल दिवे नुसते दोन डाग दिसत होते. "ममा, आय कान्ट सी एनीथिंग," जाई मागून म्हणाली, अगदी शांतपणे, आणि त्यानेच मला जास्त भीती वाटली. मी खिडकी उघडली, डोकं बाहेर काढून कशीबशी कडेला आले आणि थांबले. एक ट्रक लांबलचक हॉर्न देत इतक्या जवळून गेला की गाडी हलली. त्यानंतर दहा मिनिटं मी स्टीअरिंग धरून बसले होते. मग खिडक्या उघड्या ठेवून पुढच्या एक्झिटने खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जायच्या आधी गॅरेजमध्ये गेले. जे बोलायचं ठरवलं होतं ते सगळं बोलले. शेवटी म्हणाले, "तुम्ही झालं म्हणालात, काका. मी त्या भरवशावर हायवेला गेले."

काकांनी एवढंच विचारलं, "पोरगी बरी आहे ना?"

मी हो म्हटलं. त्यांनी हातातलं फडकं बाकावर ठेवलं आणि खाली बसले. त्यांचा चेहरा इतका उतरला होता की माझा राग मलाच नकोसा झाला. मालक पुढे आला, त्याने माझी माफी मागितली आणि सांगितलं की कॉम्प्रेसरच नवा बसवू, गॅरेजतर्फे. काका मानेनेच नाही म्हणाले. दोष कुठे आहे ते कळल्याशिवाय आपण आता एकही भाग बदलणार नाही, कॉम्प्रेसर बदलूनही हाच प्रकार झाला तर ही बाई पुन्हा हायवेवर अडकेल, असं त्यांनी त्यांच्या तुटक इंग्रजीत मालकाला समजावलं. मालकाने एक आठवडा दिला.

मग त्यांनी मला एक काम दिलं. गाडी हवी तर घेऊन जा, पण हायवेला जाऊ नका, शेपर्डच्या रस्त्यावरूनच जा-ये करा, आणि एसी चालला की नाही ते रोज लिहून ठेवा. वेळ, पाऊस, थंडी, गाडीत कोण होतं, काय काय चालू होतं. मला हे ऐकून बरं वाटलं. आमच्या टेस्टिंगमध्येही अशीच पंचाईत असते. बग ग्राहकाला दिसतो आणि आपल्या टेबलावर दिसत नाही. अशा वेळी बारकावे लिहून काढण्याखेरीज इलाज नसतो.

त्या आठवड्यात मी ग्रोसरीत गेले तेव्हा दीनाकाकूंनी मला बाजूला घेतलं. काका घरी बोलत नाहीत, जेवतात न जेवतात, आणि परीक्षेची तारीख रद्द करायचं म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. "म्हणतात, मला आता बसून टायरच बदलू दे. ज्याला एसीचा साधा दोष सापडत नाही त्याने कसलं लायसन्स घ्यायचं." हे सांगताना काकूंनी माझ्यावर कसलाही ठपका ठेवला नाही. उलट जाईसाठी चिक्कीचं पाकीट पिशवीत टाकलं.

पुढच्या गुरुवारी ऑफिसातून लवकर निघून मी वही घेऊन गॅरेजमध्ये गेले. काकांनी चष्मा लावला आणि बाकावर वही पसरून एकेका ओळीवर बोट ठेवत वाचू लागले. त्यांचा अंदाज पावसाचा होता. कुठल्यातरी जोडात पाणी शिरत असणार असं त्यांनी धरलं होतं. पण रविवारी सकाळी पाऊस असूनही एसी चालला होता. आणि मंगळवारी संध्याकाळी सगळं कोरडं ठणठणीत असताना बंद पडला होता. त्या दोन ओळींवर त्यांचं बोट पुन्हा पुन्हा जात राहिलं.

"रविवारी किती वाजता?"

"अकरा. चांगला उजेड होता, पाऊस भुरभुरच होता."

"दिवे लावले होते? ते लिहिलेलं नाही."

"नाही."

"आणि मंगळवारी?"

"मंगळवारी अंधारायला लागलं होतं. लावले होते." मग मला आठवलं. "चारशे एकवर पण लावले होते."

काका उठले. गाडीत बसून त्यांनी इंजिन चालू केलं आणि एसी लावला. टक. मग त्यांनी पुढचे दिवे लावले. पुन्हा टक झालं, पण सुटल्याचं. एसीचं बटण दोन-तीनदा चालू-बंद केलं, तरी क्लच पकडेना. दिवे बंद केले, लगेच पकडला. त्यांनी हे चार वेळा करून पाहिलं आणि चारही वेळा तसंच झालं. मला टेस्टर म्हणून जो आनंद वर्षातून एखादवेळी होतो तो त्या गॅरेजात झाला.

हे आधी का दिसलं नाही तेही त्यांनी स्वतःहून सांगितलं. इथल्या गाड्यांचे पुढचे दिवे दिवसाही मंद जळतात, पण हँडब्रेक ओढला की विझतात. काका गाडी आत घेतल्यावर पहिल्यांदा हँडब्रेक ओढायचे. त्यामुळे त्यांनी माझा एसी एकदाही दिव्यांसकट तपासला नव्हता.

बॉनेट उघडून त्यांनी मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं आणि दुसरं क्लचच्या अर्थिंगच्या वायरला. तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवं होतं. दिवे लावल्यावर मीटरने पाच व्होल्ट दाखवले. दिव्यांची आणि क्लचची अर्थिंगची वायर एकाच बोल्टवर होती, डाव्या मडगार्डच्या आत. त्यांनी टॉर्च मारला आणि मला वाकून बघायला सांगितलं. बोल्टखाली चकचकीत निळा रंग होता.

"इथे रंग कोणी मारला?"

तेव्हा मला सांगावं लागलं. ऑगस्टमध्ये ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये कोणीतरी गाडी ठोकली होती. एका बॉडीशॉपने मडगार्ड बदलून रंगवून दिलं होतं. एसीशी त्याचा काय संबंध म्हणून मी काकांना ते बोललेच नव्हते. रंगाच्या थरावर बोल्ट आवळला होता, त्यामुळे करंटला परतीची वाट अपुरी पडत होती. मंद दिव्यांपर्यंत कसंबसं निभत होतं. दिवे पूर्ण लावले की क्लचला पुरेसा जोर मिळत नव्हता.

"मी हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं," मी म्हटलं.

"मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं," काका म्हणाले.

त्यांनी बोल्ट काढला, पॉलिश पेपरने रंग घासून पत्रा उघडा केला, वायरचं टोक साफ केलं, बोल्ट घट्ट आवळला आणि वरून गंज धरू नये म्हणून ग्रीस लावलं. सगळं मिळून वीस मिनिटं लागली असतील. मीटर आता शून्याच्या आसपास होता. तरीही त्यांनी 'झालं' म्हटलं नाही. अंधार पडेपर्यंत थांबता का, असं विचारलं. मी डे-केअरला फोन करून उशीर होईल असं कळवलं.

साडेसहाच्या सुमाराला आम्ही दोघं निघालो. पाऊस सुरू झाला होता. मी दिवे लावले, वायपर लावले, मागच्या काचेचा हीटर लावला, पंखा पूर्ण सोडला. काका शेजारी बसून काचेकडे टक लावून होते. काच मुद्दाम धुरकट व्हावी म्हणून त्यांनी तिच्यावर दोनदा तोंडाने वाफ सोडली. ती बघता बघता विरून गेली. चारशे एकच्या पाटीपाशी मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली आणि मी चढले. तीन एक्झिट गेलो. पावसात लांबवरच्या गाड्यांचे दिवे एकेक सुटे, स्वच्छ दिसत होते. परतीच्या वळणावर काकांनी डोळे मिटून पुटपुटल्यासारखं काहीतरी म्हटलं. प्रार्थना असावी, मी विचारलं नाही. मग खिशातून रुमाल काढून त्यांनी चष्मा पुसला आणि अगदी नेहमीच्या आवाजात मला विचारलं की विंटर टायर कधी बसवणार.

परीक्षा त्यांनी नोव्हेंबरात दिली. निकाल आला त्या दिवशी काका पास झाल्याचा दीनाकाकूंचा ऑफिसात फोन आला. त्यांनी नवस बोलला होता, त्याचा मलिदा, म्हणजे त्यांच्यातला नवसाचा प्रसाद, रविवारी करायचा होता, मी आणि जाईने यायलाच हवं होतं. आम्ही गेलो. अविगैल आणि त्यांच्या समाजातली दहा-बारा माणसं जमली होती. मधल्या ताटात ओल्या नारळाचे गोड पोहे आणि भोवती फळं. प्रार्थना झाली, काकूंनी सगळ्यांना मलिदा वाटला. जाईने दुसऱ्यांदा मागितला, तोही मराठीत.

काका खिडकीपाशी उभे राहून कोणालातरी आमच्या गाडीची गोष्ट सांगत होते. मडगार्ड, बोल्ट, निळा रंग, हाताने पान्याचा अभिनय. मी काकूंना म्हटलं, गोष्ट बरीच लांबलीय, पोहे संपतील.

"बोलू दे गो," काकू म्हणाल्या, "एसीच्या वेळी आठवडाभर गप्प होते ते."